काका, तुमच्या इंजिनाची शिट्टी मी काढली

काका,

तुमचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खेळण्यातल्या गाडीचं इंजिन उघडलं आणि आत चिकटवलेला स्पीकर काढला. काढला म्हणजे उपटला. इतका गोंद कुणी लावतं का? स्क्रूंसाठी जागा होती, स्क्रू बशीत पडलेले होते, पण तुम्हाला दम नव्हता. तुम्हाला लगेच आवाज ऐकायचा होता. स्पीकर निघाला तो तारा तोडूनच निघाला, आणि मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं ओरडले, "काय हे काका!" बाहेर तुमचे पाहुणे बसले होते.

तोपर्यंत मी रडले नव्हते आणि चिडलेही नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा देत होते. त्या गोंदानं काय केलं कोण जाणे, पण तेव्हापासून मला तुमचा राग येतोय आणि तो थांबत नाही. सकाळी मेट्रोत येतो, प्रॅक्टिकलला येतो, जिना चढताना तुमच्या दारावरची पाटी दिसली की येतो.

कशाचा राग, ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. मी बोलताना अडखळते, हे तुम्हाला माहीत आहे. मी अडखळले की पुढचा शब्द तुम्ही द्यायचात. आज तो माझा मलाच शोधावा लागणार आहे, त्यामुळे वेळ लागेल.

फरीदाबादच्या तुमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही भाड्यानं आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबा कारखान्यात वेल्डर. तुम्ही ट्रॅक्टरचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले इंजिनीअर. जिन्यात आई मला मराठीत रागवत होती, ते ऐकून तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "अरे वा, आपल्याकडची भांडणं!" नंतर काकूंना स्ट्रोक आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. आई त्यांचं करायला खाली येऊ लागली आणि आईच्या मागे मी.

काकूंचं बोलणं पूर्ण गेलं नव्हतं, काका. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगू शकले नाही, म्हणून पहिल्यांदा तीच सांगते. शब्द त्यांच्या आत होता. तो बाहेर यायला फार वेळ लागायचा. ओठ हलायचे, भुवया वर जायच्या, गळ्याची शीर ताणली जायची. आणि तो शब्द दाराशी येतोय तोवर तुम्ही बोलून मोकळे. "पाणी हवंय तिला." "पंखा कमी कर." "आमच्या निखिलची आठवण आली." काकू तोंड मिटायच्या. तुम्ही पाणी आणायचात, प्रेमानं पाजायचात, आणि आम्हाला सांगायचात, "मला तिच्या डोळ्यांवरून कळतं सगळं."

आम्हाला ते किती छान वाटायचं. शेजारच्या पंजाबी आंटी म्हणायच्या, "ऐसा आदमी नसीब से मिलता है." मलाही तसंच वाटायचं. कारण माझ्याशीही तुम्ही असंच वागायचात, आणि मला त्याचा फायदाच झाला होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून तुम्ही माझ्याबरोबर दिल्लीला आलात. टेबलापलीकडच्या मॅडमनी विचारलं की इलेक्ट्रॉनिक्सच का. माझी जीभ टाळूला चिकटली. तुम्ही इंग्रजीत म्हणालात की हिला वस्तू उघडून बघायला आवडतात, ही जन्मजात इंजिनीअर आहे. मॅडम हसल्या. बाहेर येऊन आपण छोले-कुलचे खाल्ले आणि मी जेवताना तुमच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होते. पण मी वेगळं काहीतरी म्हणणार होते, काका. माझं वाक्य तयार होत होतं. तुमचं उत्तर इतकं चांगलं होतं की माझं मी विसरूनच गेले. ते काय होतं हे मला अजून आठवत नाही.

रोज संध्याकाळी मी फाटक उघडलं की तुम्ही व्हरांड्यातून ओरडायचात, "काय शीतल, आज लॅबमध्ये काय जाळलंस?" मी म्हणायचे, "काही नाही." "मग कॉलेजात गेलीस कशाला?" या एका प्रश्नासाठी मी धावत घरी यायचे. हे खरं आहे. हे खरं आहे म्हणूनच राग जास्त येतो.

आता गाडीचं.

कंपनीनं तुम्हाला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं होतं, तिथून तुम्ही ती आणली होती. काळं इंजिन, हातभर लांब, मागे कोळशाचा डबा आणि तीन उघड्या वाघिणी. इतकी वर्षं ती काचेच्या कपाटात होती. काकू पलंगाला खिळल्या आणि तुम्ही ती बाहेर काढलीत. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून पॅसेजमधून काकूंच्या पलंगापर्यंत भिंतीला फळी ठोकलीत, फळीवर रूळ टाकलेत. स्वयंपाकघरातून तुम्ही वाघिणीत काकूंचा चष्मा, गोळ्या, बिस्किटं ठेवायचात, बटण फिरवायचात आणि गाडी काकूंच्या डाव्या हाताशी जाऊन थांबायची. पहिल्यांदा ती आली तेव्हा काकू हसल्या होत्या. अर्ध्या तोंडानं, पण खरं हसल्या होत्या. मी पाहिलंय. ते मी तुमच्याकडून काढून घेणार नाही.

पण फळी जायची म्हणून तुम्ही त्या खोलीचं दार काढून टाकलंत.

आई म्हणाली, "अहो काका, मला वहिनींना पुसून काढायचं असतं, कपडे बदलायचे असतात. दार हवं हो."

"पडदा लाव की. आणि घरात आहे कोण? मी आणि ती."

"आणि तुमची गाडी."

"गाडीला डोळे नसतात!" तुम्ही आपल्याच विनोदावर हसलात.

आणि मग तो दिवस. आई काकूंना पुसत होती, मी कोमट पाण्याची बादली धरून उभी, आणि पडदा बाजूला सारत तुमचं इंजिन आत आलं. वाघिणीत दोन ग्लुकोजची बिस्किटं. आई ओरडली, "अहो थांबवा ती!" तुम्ही ओट्याजवळून ओरडलात, "सिग्नल दिसला नाही!" आईलाही हसू फुटलं, मलाही. काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. तुम्ही स्वयंपाकघरात होतात, तुम्हाला ते दिसलं नाही. मग संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "आज मजा आली ना तिला?"

काका, कुठल्या डोळ्यांवरून कळायचं तुम्हाला?

इथल्या धुळीनं रूळ काळे पडायचे आणि गाडी मध्येच अडायची, कारण वीज रुळांतून यायची. तुम्ही रोज सकाळी स्पिरिटचा बोळा घेऊन सगळे रूळ पुसायचात. मीच म्हणाले होते की कोळशाच्या डब्यात बॅटरी बसवू, म्हणजे रुळांतून वीज घ्यायला नको. इंजिनात रिसीव्हर बसवू, म्हणजे गाडी रिमोटवर चालेल. तुमचा चेहरा असा उजळला! "आणि आवाज! शीतल, आवाजाशिवाय इंजिन म्हणजे काय?" तुम्ही लगेच आवाजाचं कार्ड मागवलंत. वाफेच्या इंजिनाची लांब शिट्टी, भक-भक, ब्रेकची किंचाळी, सगळं त्यात भरलेलं. तुमचे हात थरथरायचे म्हणून सोल्डरिंगचे डाग द्यायला मी, आणि शेजारी बसून सूचना द्यायला तुम्ही. "कमी लाव. अगं, कमी. भाजी फोडणीला टाकतेयस का?" ते दिवस चांगले होते. माझ्या शिकण्याचा घरात कुणाला उपयोग आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं.

रिमोट काकूंच्या हातात द्यायचा, हे आपलं ठरलं होतं. निदान मला वाटलं ठरलं होतं. तुमच्या डोक्यात एक मोठं बटण होतं. काकूंनी दाबलं की शिट्टी वाजेल आणि तुम्ही गाडी पाठवाल. मी म्हणाले, म्हणजे म्हणायला सुरुवात केली, "काका, त्यापेक्षा दोन बटणं... दोन वेगळे आवाज... म्हणजे त्यांना जर हो किंवा..."

"हो किंवा नाही! अच्छा, आयडिया चांगली आहे," तुम्ही वाक्य पुरं केलंत. मग चष्मा कपाळावर सरकवलात आणि हसलात. "पण नाहीचं बटण कशाला, पोरी? सुनंदानं मला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही."

ते तुम्ही काकूंच्या समोर म्हणालात. पलंगापासून दोन हातांवर.

मला म्हणायचं होतं, एकदा विचारून तर बघू. मला म्हणायचं होतं की माझ्या मैत्रिणीच्या आजोबांना असंच झालं होतं, तेव्हा तिथल्या स्पीच थेरपिस्टनं घरच्यांना सांगितलं होतं की थांबा, पेशंटला वेळ द्या, हो-नाहीचे प्रश्न विचारा. मी "एकदा" एवढंच म्हणाले आणि तुम्ही म्हणालात, "एकदा शिट्टी ऐकू या, बिल्कुल!" आणि गोंदाची ट्यूब उघडलीत. शिट्टी वाजली. चिरकी वाजली, कारण स्पीकरच्या मागे बंद डबी लागते आणि ती तुम्ही लावली नव्हतीत. तुम्ही काकूंना विचारलंत, "आवडली?" काकूंचे ओठ हलायला लागले. "आवडली तिला," तुम्ही मला म्हणालात.

आपला वाद तिथे राहिला. पुढच्या आठवड्यात सकाळी तुम्ही दूध आणायला गेलात आणि बूथजवळच्या बाकावर बसलात ते उठलाच नाहीत. बाकीचं सांगून सांगून आम्हाला पाठ झालंय, ते इथे नको. इंजिन टेबलावर तसंच पडून होतं. वाद घालायलाही माणूस समोर लागतो, काका. तुम्ही कधी मला बोलायला पूर्ण वेळ दिला नाहीत, आणि मी हिंमत गोळा करतेय तोवर निघूनच गेलात. ही काय पद्धत झाली?

पुण्याहून निखिलदादा आले. तुमचा मुलगा तुमच्यासारखाच आहे, हे मला त्या दिवसांत कळलं. चांगला, पळापळ करणारा, आणि समोरच्याचं वाक्य पुरं करणारा. सुतकाच्या दिवसांमध्ये नातेवाईक यायचे आणि काकूंच्या पलंगाभोवती खुर्च्या टाकून काकूंबद्दलच बोलायचे. "तिला कळतंय का सगळं?" "कळतंय हो, डोळ्यांत पाणी आहे बघा." "जेवते का?" काकू या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघायच्या. त्यांचे ओठ हलायला लागले की कुणीतरी त्यांचा हात थोपटायचं. "राहू दे, राहू दे, त्रास नको करून घेऊ."

तेराव्याच्या संध्याकाळी निखिलदादांनी आईला बोलावलं. "वहिनी, आईला मी पुण्याला नेणार नाही. बाबा नेहमी सांगायचे, तिला तिकडे यायचं नाही, तिचा जीव इथेच रमतो. घर आहे, गाडी आहे, बाबांच्या आठवणी आहेत. तुम्ही पूर्ण दिवस बघाल का तिच्याकडे? रात्रीची बाई वेगळी ठेवू. मी येत राहीन."

आई हो म्हणाली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. काकू गेल्या असत्या तर घर विकलं गेलं असतं, आईचं काम गेलं असतं आणि आमची खोलीही. आणि मला मनापासून वाटत होतं की काकूंनाही हेच हवं असणार. जिथे तुम्ही चहा केलात, रूळ पुसलेत, ते घर सोडून त्या कुठे जातील? मी अगदी खात्रीनं असं धरून चालले होते. सगळे काकूंच्या पायाशी उभे राहून हे बोलत होतो आणि काकूंचे ओठ हलत होते. मी पाहिलं. पाहिलं, आणि तेव्हा मला तुमचं ते वाक्य आठवलं. कधी नाही म्हटलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी इंजिन उघडलं.

नवा स्पीकर आणला, त्यामागे औषधाच्या प्लॅस्टिकच्या डबीचं झाकण बसवलं, आवाज भरदार झाला. स्क्रू लावले, तुमच्या माहितीसाठी. रिमोटला दोनच बटणं ठेवली, मोठी, एक दुसऱ्यापासून लांब, डाव्या अंगठ्याला सापडतील अशी. गाडी पळवण्याचं मी काही केलं नाही. इंजिन नुसतं काकूंच्या उशाशी ठेवलं.

मग काकूंना विचारलं, कुठला आवाज हवा. मोबाइलवर एकेक वाजवून दाखवला आणि हवा असेल तर हात वर करा म्हटलं. पहिली तुमची शिट्टी वाजवली. काकूंनी हात उचलला नाही. मी पुन्हा वाजवली. मला वाटलं ऐकू आली नसेल. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे गेले. मग भक-भक, भोंगा, देवळातली घंटा, कुकरची शिट्टी. "हो"साठी त्यांनी स्टेशनवरची जुनी घंटा घेतली, लोखंडाच्या तुकड्यावर ठोका पडतो तशी. "नाही"साठी काही पसंत पडेना. शेवटी मी गंमत म्हणून हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न लावला, तो तीन सुरांचा, कान फाटणारा. काकूंचा हात झटकन वर गेला.

आई दारातून म्हणाली, "वहिनी, अहो गल्लीतले लोक बाहेर येतील!"

काकूंनी हात खाली घेतला नाही.

निखिलदादा तेव्हा बाहेर गेले होते. संध्याकाळी मी त्यांना आत बोलावलं. मी म्हणाले, "दादा, काकूंना एकदा... म्हणजे तुम्ही त्यांना विचारलं नाही ना, म्हणून..."

"काय विचारायचं?"

"इथे राहायचं की..."

"अगं, ते ठरलंय ना." तरी ते पलंगावर बसले, काकूंचा उजवा हात हातात घेतला आणि तुमच्याच आवाजात म्हणाले, "आई, तुला इथेच राहायचंय ना?"

ट्रकचा हॉर्न वाजला.

निखिलदादा दचकून उभे राहिले. मग मला म्हणाले, "बटण चुकलं का तिचं?"

"परत विचारा."

"आई, इथे, या घरात राहायचंय?"

हॉर्न. या वेळी लांब. बाहेर कुत्री भुंकायला लागली.

"मग... माझ्याकडे यायचंय? पुण्याला?"

घंटा वाजली. एकच ठोका, स्वच्छ.

आई मोरीच्या उंबऱ्यावर बसली. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, उत्तर बदलावं. क्षणभर मनापासून वाटलं की हे इंजिन मी दुरुस्तच केलं नसतं तर बरं झालं असतं. तुमच्यावर चिडले होते मी, तुम्ही काकूंच्या तोंडचा शब्द काढून घेता म्हणून. आणि इतके दिवस मीही त्यांच्या मनात माझंच उत्तर ठेवून बसले होते, फक्त ते मोठ्यानं बोलत नव्हते.

मग काकूंचे ओठ हलायला लागले. निखिलदादा रडवेले होऊन पुढे झुकले, "बाबांशिवाय इथे करमत नाही, हो ना आई? एकटं वाटतं..."

"दादा, थांबा," मी म्हणाले. घरातल्या मोठ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा थांबा म्हटलं असेन. "प्लीज थांबा. त्यांना बोलू द्या."

थांबलो. खोलीत नुसता पंखा. काकूंचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, शीर ताणली. मला ते बघवेना. एका क्षणी मलाच शब्द द्यावासा वाटला, आणि काका, तेव्हा मला कळलं की तुम्हीही कदाचित यासाठीच देत होतात. त्यांची धडपड तुम्हाला बघवत नसेल. कदाचित. मला माहीत नाही. मी खालचा ओठ दातांत धरून उभी राहिले.

"के," काकू म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "केव्... हाचं."

केव्हाचं. तुम्ही गेलात म्हणून नव्हे. कितीतरी आधीपासून त्यांना पुण्याला जायचं होतं. मुलगा आहे तिथे, बहीण आहे, बहिणीशी रोज फोनवर बोलायच्या त्या, बोलता येत होतं तेव्हा. निखिलदादा म्हणाले, "पण बाबा तर म्हणायचे..." आणि पुढे त्यांना बोलता आलं नाही. त्यांचं वाक्य कुणी पुरं केलं नाही.

आता सांगा मला. तुम्हाला माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि ऐकायचं नव्हतं? पुण्यात तुम्हाला कुणी ओळखत नाही, इथे कंपनीतली माणसं आहेत, इथे तुम्ही "साहब" आहात, हे तुम्हीच मला एकदा व्हरांड्यात सांगितलं होतंत. तेव्हा मला तुमची माया वाटली होती. आता मी ते आठवते आणि दात आवळते. माहीत नव्हतं असं असेल तर तुमच्या त्या डोळ्यांवरून कळण्याला काय अर्थ होता? आणि माहीत होतं असं असेल तर... नको. हे वाक्य मी पुरं करणार नाही. तुम्ही समोर असतात तर भांडले असते. आता हरलेच आहे असं धरा, कारण मेलेल्या माणसाशी भांडताना जिंकता येत नाही. तुम्ही गप्प बसून जिंकता. तुम्ही! जे आयुष्यात कधी गप्प बसला नाहीत.

वर गच्चीवर आई माझ्यावर भडकली. "तुला कुणी सांगितलं होतं विचारायला? आता कुठे काम शोधू? तू आणि तुझा तो भोंगा!" भांडी आपटली. थोड्या वेळानं ओढणीनं तोंड पुसून खाली गेली आणि काकूंच्या केसांना तेल लावत बसली. आता ती पलीकडच्या सेक्टरमध्ये दोन घरी विचारून आलीय. आमची खोली घर विकेपर्यंत आहे. पुढचं पुढे. मी रागावलेय, पण पस्तावलेली नाही, एवढं तुम्हाला सांगून ठेवते.

रविवारी त्या निघतात. इंजिन त्यांच्याबरोबर जाणार, कारण आता ते त्यांचं तोंड आहे. वाघिणी आणि रूळ न्यायचे का, असं विचारलं तर हॉर्न वाजला. निखिलदादा आता प्रत्येक गोष्ट विचारतात. चादर ही की ती? वरण पातळ की घट्ट? कधी कधी काकू नुसती गंमत म्हणून हॉर्न वाजवतात, आणि ते दचकले की हसतात. काकूंना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं, पण मला तुमची आठवण येते. हे तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं. तुम्ही हॉर्नला दचकला असतात, कपाळावरचा चष्मा खाली पडला असता. काकूंनी तुम्हाला नाही म्हटलं असतं आणि तुम्ही, मला वाटतं, आधी रुसला असतात आणि मग विचारलं असतंत, "बरं, मग काय करू?" इतकी वर्षं काकूंना पाणी पाजणारा माणूस एवढं नक्की करू शकला असता. तुम्हाला ती संधी मिळाली नाही याचा राग कुणावर काढू?

काल दुपारी काकू भिंतीकडे बघून सारखा हॉर्न वाजवू लागल्या. समोर तुमचा फोटो आहे, पाहुण्यांनी लावलेला, चंदनी हार घातलेला. मी विचारलं, "फोटो काढू का इथून?" हॉर्न. "दुसऱ्या खोलीत ठेवू?" हॉर्न. "दुसरा कुठला लावू? लग्नातला?" हॉर्न. "जवळ आणू?" हॉर्न. निखिलदादा आले, त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले. हॉर्न, हॉर्न. ते वैतागले. काकूही वैतागल्या, रिमोट गादीवर आपटला, मी तो परत हातात दिला. आई आली, गेली. ऊन खिडकीतून पार पलंगाच्या पायापर्यंत सरकलं. शेवटी काही सुचेना तेव्हा मी नुसतं विचारलं, "हार काढू?"

घंटा वाजली.

खुर्चीवर चढून मी हार काढला. तुम्ही तसेच राहिलात भिंतीवर, नेहमीच्या चौकड्याच्या शर्टात. काकूंनी रिमोट खाली ठेवला आणि बराच वेळ तुमच्याकडे बघत राहिल्या.

काका, तुम्ही असतात तर काकूंना काय हवंय ते एका क्षणात सांगितलं असतंत. आणि चुकीचं सांगितलं असतंत.

शीतल